विनापरवाना मंडळ

टाइपरायटर उलटा केला की खालून खोडरबराचा चुरा पडतो. रोज थोडा थोडा साठत असतो, कुणाचं लक्ष नसतं, आणि मशीन साफ करायला काढलं की मूठभर निघतो. आमच्या मंडळाचे किस्से असेच साठले. परवा जुन्या मित्रांना त्यातला एक सांगायला बसलो, तर चहा दोनदा गार झाला.

पंचवटीत माझा टायपिंग क्लास होता. रविवारी क्लास बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आम्ही चौघं तिथे जमायचो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पेपरात 'उदारीकरण', 'खुला बाजार' हे शब्द रोज यायला लागले होते, आणि आम्हा चौघांना ते चार वेगळ्या कारणांनी आवडले होते.

नाना निकम देवळ्याचे, कांदा पिकवणारे. पिकवायचं आपण आणि कुठे विकायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. शकीलभाई मालेगावचे. त्यांचे कापडाचे बारा लूम होते आणि प्रत्येक लूमच्या मागे एक फाइल होती. सुलभाताई नाशिकच्याच, वकील. रोज कायदे वाचावे लागल्यामुळे त्यांचा कायद्यांवरचा विश्वास कमी झाला होता. आणि चौथा मी. बैठकीत जे बोलणं होई ते मी जागेवरच टाइप करायचो, एक कार्बन कॉपी ठेवून.

आमचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला त्याचं त्याला करू द्यावं. सरकारनं चोर पकडावेत, कोर्टं चालवावीत आणि उरलेल्या वेळात स्वस्थ बसावं. आजूबाजूचे लोक आम्हाला थोडे हसायचे. त्यांचंही फार चुकत नव्हतं.

* * *

पहिल्याच वर्षी सुलभाताईंनी सुचवलं की मंडळाची रीतसर नोंदणी करू. नोंदणी असली की व्याख्यानाला हॉल मिळतो, लेटरहेड छापता येतं. नियमानं सात सभासद लागत होते. आम्ही चार. मग माझी बायको, माझा मेहुणा आणि शकीलभाईंचा सूताचा व्यापारी अशा तीन सह्या गोळा केल्या. या तिघांना मंडळ कशाचं आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही.

सुलभाताई आणि मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. टेबलामागे एक वयस्कर क्लार्क होते. शांत माणूस. त्यांनी चष्मा पुसला, अर्ज पहिल्यापासून वाचायला घेतला. नाव, पत्ता, पदाधिकारी, सगळं ठीक. मग 'संस्थेचे उद्दिष्ट' या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. तिथे मी स्वच्छ टाइप केलं होतं, 'नागरिकांना प्रत्येक कामासाठी सरकारी परवानगी घ्यावी लागू नये यासाठी प्रयत्न करणे.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत, अगदी मनापासून विचारलं, "आणि याची परवानगी हवीय तुम्हाला?"

  सुलभाताईंनी अर्ज परत घेतला आणि आम्ही खाली येऊन उसाचा रस प्यायलो. मंडळाची नोंदणी कधीच झाली नाही.

* * *

टेलिफोनचा किस्सा आमच्या घरातला आहे, पण मंडळात सांगितला तेव्हापासून तो मंडळाचाही झाला.

माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मी शाळेत असताना टेलिफोनसाठी अर्ज केला होता. त्या काळी प्रतीक्षायादी असायची आणि ती सगळ्या गावालाच असायची, त्यामुळे कुणी विशेष तक्रार करत नसे. दादांनी अर्ज करून झाल्यावर सुताराकडून एक छोटं स्टूल करून घेतलं. आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला. स्टूल कोपऱ्यात ठेवलं. त्यावर दुसरं काही ठेवायची आम्हाला बंदी होती. दादांची एक बहीण इंदूरला होती. फोन आला की पहिला तिला करायचा, असं ठरलेलं होतं.

दादा गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी एक लाइनमन वायरचं वेटोळं खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. हातात दादांच्या नावाचा कागद. म्हणाला, अर्जदाराची सही लागेल.

मी त्याला खरं ते सांगितलं.  मग त्यानं समजावलं की असं असेल तर वारसानं नव्यानं अर्ज करायचा, दाखला जोडायचा, पुढे बघतील. त्याचाही नाइलाज होता. तो वळलासुद्धा. वळताना त्याची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली. रिकामं स्टूल, वर रुमाल. तो जरा वेळ तिकडे बघत राहिला.

"मला इथे एवढंच लिहायचं असतं," तो कागदाकडे बघत म्हणाला, "की अर्जदार घरात आहे का."

भिंतीवर दादांचा फोटो होता, हार अजून ताजा घातला जात होता.  आतून आई आली. पदरानं हात पुसत म्हणाली, "आहेत."

लाइनमननं तासाभरात वायर ओढली, यंत्र स्टुलावर ठेवलं. कागदावर आईनं दादांच्या नावाची सही केली. आयुष्यात नवऱ्याचं नाव तिनं बहुधा पहिल्यांदाच लिहिलं असेल. अक्षर एकेक करून, बऱ्याच वेळानं. तो गेल्यावर तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. मी विचारलं, आत्याचा नंबर लावू का? तिनं हातानंच थांब म्हटलं. आत नुसता डायल टोन वाजत होता. तो ती ऐकत उभी राहिली.

मंडळात हे सांगितलं त्या रविवारी विषय 'सरकारी मक्तेदारी' होता. सुलभाताई मुद्दे काढून आल्या होत्या. त्यांनी ते पर्समध्ये परत ठेवले.

* * *

आता जरा हलकं सांगतो.

कांदा त्या वेळी बाजार समितीच्या आवारातच न्यावा लागे. नानांना हे मान्य नव्हतं हे सांगितलंच आहे. एका उन्हाळ्यात त्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि गोण्या भरून थेट सुलभाताईंच्या कॉलनीत आणल्या. सुलभाताईंनी आधीच घरोघर सांगून ठेवलं होतं. बायका पिशव्या, बादल्या, कुणी तर बाळाचा टब घेऊन खाली उतरल्या. ट्रॉली अर्धी झाली आणि समितीचा एक इन्स्पेक्टर मोटरसायकलवरून आला. कुणीतरी कळवलं असणार.

माणूस सभ्य होता. त्यानं नानांना नमस्कार केला आणि सांगितलं की असा गोण्यांनी माल बाहेर विकता येत नाही.

नाना म्हणाले, "विकतोय कोण? ओळखीच्या लोकांना भेट देतो हाय."

"आणि हे पैसे घेताय ते?"

"ती त्यांनी मला दिलेली भेट. मी कशाला नाय म्हणू?"

इन्स्पेक्टरनं हसू दाबत वही काढली, नाव-गाव लिहून घेतलं, नोटीस येईल म्हणून सांगितलं. नानांनी शांतपणे सही केली. सगळं झाल्यावर तो माणूस घुटमळला. मोटरसायकलच्या डिकीतून त्यानं एक घडी घातलेली पिशवी काढली आणि हळूच म्हणाला, कांदा चांगला दिसतोय, घरी संपलाच आहे, दहा किलो द्या.

नानांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला नाय देता यायचं साहेब. तुमच्यासमोर कायदा कसा मोडू?"

नोटीस खरंच आली. पुढे तिचं काय झालं ते सुलभाताईंना माहीत.

* * *

दोन हजारनंतर कधीतरी हेल्मेटची सक्ती आली. नाशिकमध्ये तेव्हा दुचाकीशिवाय घर नव्हतं, त्यामुळे वातावरण तापलं. एका वाचनालयानं सुलभाताईंना बोलायला बोलावलं. हॉल गच्च भरला. मागे दारापाशी वाहतूक पोलिसातला एक हवालदारही येऊन उभा राहिला.

सुलभाताई तासभर बोलल्या. डोकं माझं, ते फुटलं तर दुखणार मला, मग त्याची काळजी न घेण्याचा मला दंड का, असं त्यांचं म्हणणं होतं. आज डोक्यावर काय घालायचं ते सांगतील, उद्या डोक्यात काय घालायचं तेही सांगतील, हे वाक्य तर लोकांनी टाळ्यांनी उचलून धरलं. एका तरुणानं उठून जाहीर केलं की ताईंनी आपले डोळे उघडले, आजपासून आपण हेल्मेट घालणार नाही.

कार्यक्रम संपला. लोक बाहेर पार्किंगमध्ये आले. सुलभाताईंनी स्कूटरच्या हँडलला लटकवलेलं हेल्मेट काढलं, डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा घट्ट केला.

तो तरुण धावत आला. म्हणाला, ताई, हे काय?

"मी सक्ती नको म्हटलं," सुलभाताई काच खाली ओढत म्हणाल्या. "हेल्मेट नको असं कुठे म्हटलं?"

हवालदारानं त्यांना गेटातून बाहेर पडायला वाट करून दिली आणि जाताना कडक सॅल्यूट ठोकला.

* * *

माझाही एक किस्सा आहे. तो सांगितला नाही तर बाकीचे सांगायचा मला हक्क नाही.

कॉम्प्युटर आले आणि टायपिंग क्लासची मुलं कमी होऊ लागली. आधी सकाळची बॅच गेली, मग दुपारची. वीस मशीनमधली बारा कापड घालून झाकलेली असायची. त्या सुमारास जिल्ह्यातल्या आम्ही क्लासवाल्यांनी मिळून एक निवेदन तयार केलं. सरकारी नोकरीला टाइपरायटरवरच्या परीक्षेचं सर्टिफिकेट सक्तीचंच राहावं, अशी मागणी. निवेदन टाइप मीच केलं. सुंदर टाइप केलं, एक खाडाखोड नाही. सहीही केली.

कार्बन कॉपी टेबलावर राहिली आणि रविवारी ती नानांच्या हाती लागली. त्यांनी ती वाचली आणि शकीलभाईंकडे दिली. शकीलभाईंनी सुलभाताईंकडे.  पंखा फिरत होता.  शेवटी नानाच म्हणाले, "सर, कांद्याला सरकार नको आणि टाइपरायटरला पाहिजे?"

 मी मुलीच्या शिक्षणाचं सांगितलं, मशीन विकायला काढली तर भंगारातही कुणी घेत नाही हे सांगितलं. जे खरं होतं ते सांगितलं.

शकीलभाई हळू आवाजात म्हणाले की सरजी, आमच्याकडे पॉवरलूम आले तेव्हा माझ्या दादाजींनीही, म्हणजे आजोबांनी, हातमागासाठी असाच कागद दिला होता. तो आमच्या घरात अजून आहे. मी विचारलं, मग त्यांनी पुढे काय केलं? ते म्हणाले, "लूम घेतला. आणि मरेपर्यंत त्याला शिव्या दिल्या."

पुढच्या महिन्यात मी दोन कॉम्प्युटर घेतले. निवेदनावरची सही मात्र मी मागे घेतली नाही. तेवढं धाडस झालं नाही.

* * *

शकीलभाईंचंच अजून एक. त्यांच्या भागात एकदा गडबड झाली आणि संचारबंदी लागली. नाशिकला आम्हाला पेपरातून कळत होतं तेवढंच. फोन लागत नव्हता. महिन्याचा पहिला रविवार आला. ते येणार नाहीत हे उघडच होतं. तरी नाना देवळ्याहून लवकरची एसटी धरून आले. तिघं बसलो. विषय आधीच ठरलेला होता, 'सरकारनं कमीत कमी काय करावं?'

साडेदहाच्या सुमारास क्लासमधला फोन वाजला. शकीलभाई होते, एसटीडी बूथवरून.

त्यांनी सांगितलं की दोन तासांची सूट मिळाली आहे. दूध आणून झालं, अम्मीच्या गोळ्या मिळाल्या, आता चाळीस मिनिटं उरली आहेत. "म्हटलं, तुमच्याकडे जाऊन यावं."

आमच्या फोनला स्पीकर नव्हता. आम्ही आळीपाळीनं रिसीव्हर कानाला लावून एकमेकांना सांगत राहिलो. नानांनी लूमची चौकशी केली. लूम बंद होते. सुलभाताईंनी विचारलं, आमच्या विषयावर तुमचं मत काय?  मग त्यांनी सांगितलं ते मी रिसीव्हर खांद्यात धरून जसंच्या तसं टाइप केलं.

"गल्लीच्या तोंडाला पोलिसांची गाडी उभी आहे. रात्रभर मी दुआ मागितली की ही गाडी इथून हलू नये. आणि त्याच गाडीतला शिपाई मला माझ्या दारात उभं राहू देत नाही. दोन्ही लिहा सरजी. एकच लिहू नका."

चाळीस मिनिटं होण्याआधीच त्यांनी फोन ठेवला. पोलिसांचं घड्याळ पुढे असेल तर घोटाळा नको, म्हणाले.

* * *

आता शेवटचा. हा नानांचा.

नानांना एक मुलगा, संजय, आणि एक मुलगी, वैशाली. वैशालीला देवळ्यातच दिलेली. नवरा हायस्कुलात शिक्षक. जमीन वडिलोपार्जित. संजयला पाइपलाइन करायची होती, त्यासाठी त्याला जमीन आपल्या नावावर हवी होती. मुलींना वाटा देण्याचा कायदा होऊन गेला होता, त्यामुळे बहिणीचं हक्कसोडपत्र लागणार होतं. आमच्याकडे बहिणी ते करून देतात. साडीचोळी होते, जेवण होतं, कुणी त्यावर फार बोलत नाही. नानांचं त्या कायद्याबद्दलचं मत आम्हाला माहीत होतं. घरातली वाटणी सरकारनं का करावी, असं ते म्हणायचे.

सुलभाताईंनी मसुदा केला आणि मी स्टॅम्पपेपरवर टाइप केला. रविवारच्या बैठकीलाच सही उरकून घ्यायची, दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रीला जायचं असं ठरलं. नाना मुलाला आणि मुलीला घेऊन आले. वैशाली खिडकीजवळच्या मशीनपुढे बसली.

सही करण्याआधी दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा ही सुलभाताईंची पद्धत. त्या वाचत होत्या. गट नंबर, चतुःसीमा, मग 'मी हे पत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे.'

वैशालीनं विचारलं, "हे वाक्य कोणी घातलं?"

सुलभाताई म्हणाल्या की ते असतंच, प्रत्येक दस्तात असतं.

वैशालीनं पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "नाना, मला कोणी विचारलंच नाही."

संजय काहीतरी बोलायला गेला. नानांनी त्याला हातानं थांबवलं. शकीलभाई उठून खिडकीबाहेर बघू लागले. मी मशीनवरची बोटं काढून मांडीवर ठेवली.  मग नानांनी खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली.

"मग आता विचारतो. तुला काय पाहिजे?"

"माझा हिस्सा."

संजय बाहेर निघून गेला. नानांनी स्टॅम्पपेपर उचलला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्या दिवशीच्या बैठकीबद्दल काय टाइप करावं मला सुचेना. मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहा, निकम हजर होते."

त्याच वर्षी थंडीत मोजणी झाली. विहिरीकडचा तुकडा वैशालीला द्यायचा हे नानांनी स्वतः ठरवलं. विहीर सामाईक राहिली. संजय वर्षभर बहिणीशी बोलला नाही, मग बोलायला लागला. वैशालीनं कांदा लावला नाही, डाळिंब लावलं. नाना नाही म्हणत होते. तिनं ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी शकीलभाई आणि मी देवळ्याला गेलो. जेवणं झाल्यावर नाना म्हणाले, चला, विहीर दाखवतो. आम्ही त्यांच्या शेतातून चालत निघालो. विहिरीकडे जाणारी पायवाट आता वैशालीच्या डाळिंबातून जात होती. बांधापाशी आल्यावर नाना थांबले. पलीकडे दहा पावलांवर विहिरीचा कठडा दिसत होता. शकीलभाई सहज पुढे निघाले, तर नानांनी त्यांचा दंड धरला.

मग त्यांनी घसा साफ केला आणि हाक दिली, "वैशाली, येऊ का?"

 ऊन चांगलंच होतं. मग झाडांच्या पलीकडून तिचा आवाज आला.

"थांबा जरा नाना. पाणी सोडलंय."

आम्ही तिघं बांधावर उभे राहिलो.